चिलखताखालची रोल्स-रॉईस

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहरालगत, सोलापूर रस्त्याच्या बाजूला, निजामशाहीतल्या फराहबागेच्या शेजारी लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. जनरल बी. सी. जोशी लष्करप्रमुख असताना, फेब्रुवारी १९९४ मध्ये, ते सुरू झाले. शाळांच्या सहली तेथे सतत येत असतात. मुलांची गर्दी अर्थातच १९६५ च्या युद्धात हाती आलेल्या पॅटन रणगाड्यापाशी होते. शिक्षकही तेथेच थांबून युद्धाची हकिगत सांगतात. याच संग्रहालयातला सर्वांत जुना नमुना मात्र रणगाडा नाही. ती रोल्स-रॉईसच्या 'सिल्व्हर घोस्ट' या मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी आहे.

रोल्स-रॉईस म्हटले की आपल्याला संस्थानिक आठवतात. चांदीची मूठ, मखमली बैठक, शिकारीच्या बंदुका ठेवायचा कप्पा इत्यादी. कोणा महाराजांनी कंपनीवर रागावून रोल्स-रॉईसला कचरा उचलायला लावले, ही गोष्ट तर आपल्याकडे इतक्या वेगवेगळ्या संस्थानांच्या नावावर खपवली जाते की तिच्याकडे लोककथा म्हणूनच पाहावे. आम्हाला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा वाटतो. श्रीमंतांसाठी बनवलेली गाडी युद्धाला का निवडली गेली? आणि शंभर वर्षांनी अशी एखादी गाडी कोणाच्या हाती आली, तर ती विकत घेताना आणि सांभाळताना कोणते विज्ञान उपयोगी पडते? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी, त्या गाडीच्या घडणीत, सापडतात.

इ.स. १९०६ च्या अखेरीस लंडनच्या ऑलिंपिया येथील प्रदर्शनात हेन्री रॉईस आणि चार्ल्स रोल्स यांच्या कंपनीने '४०/५० अश्वशक्ती' नावाची नवी गाडी मांडली. पुढच्याच वर्षी कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी बाराव्या सांगाड्यावरील गाडीला चंदेरी रंग दिला आणि तिचे नाव ठेवले 'सिल्व्हर घोस्ट'. खरे तर हे नाव त्या एका गाडीचे होते. संपूर्ण मालिकेला ते अधिकृतपणे चिकटले १९२५ मध्ये, म्हणजे पुढचे 'फँटम' मॉडेल आल्यावर. १९०७ साली त्या चंदेरी गाडीची रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली लंडन ते ग्लासगो अशा फेऱ्यांवर फेऱ्या करून १५,००० मैलांची म्हणजे सुमारे २४,००० कि.मी.ची चाचणी झाली. त्यानंतर गाडी पूर्ण उघडून प्रत्येक भाग मोजण्यात आला. पुन्हा नव्यासारखी करण्यासाठी जे सुटे भाग बदलावे लागले, त्यांची किंमत भरली २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. त्या काळी या गाडीच्या नुसत्या सांगाड्याची किंमत हजार पौंडांच्या आसपास होती.

'नुसत्या सांगाड्याची' असे म्हणण्याचे कारण आहे. तेव्हा श्रीमंत ग्राहक आख्खी मोटार विकत घेत नसे. कारखाना इंजिन, गिअर, आस, चाके आणि पोलादी चौकट एवढेच देई. वरचा साज, म्हणजे ॲश लाकडाचा सापळा, त्यावर पत्रा, गाद्या, टप, दिवे हे सारे घोडागाड्या बांधण्याची परंपरा असलेले स्वतंत्र कारागीर बांधून देत. बार्कर, हूपर ही त्यांतली गाजलेली नावे. आपल्याकडे बैलगाडीचा साटा आणि वरची मांडणी वेगवेगळ्या हातांनी व्हायची, तसेच हे. सांगाडा आणि साज यांच्या या फारकतीमुळेच पुढे साज काढून त्या जागी चिलखत बसवता आले.

आता इंजिनाकडे वळू. सहा सिलिंडर, तीन-तीनच्या दोन ओतीव ठोकळ्यांत. एकूण आकारमान सुरुवातीला ७,०३६ घन सें.मी. आणि मिनिटाला १,२५० फेऱ्यांच्या वेगाने अश्वशक्ती अवघी ४८. विद्यार्थ्यांना तुलनेसाठी मारुती ८०० द्यावी. आकारमान ७९६ घन सें.मी., अश्वशक्ती सुमारे ३७. म्हणजे एका लिटरमागे मारुतीला ४६ अश्वशक्ती मिळते आणि रोल्स-रॉईसला जेमतेम ७. महागड्या गाडीचे इंजिन एवढे आळशी का?

त्याचे पहिले कारण इंधन. दट्ट्या म्हणजे पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण किती दाबतो त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. सिल्व्हर घोस्टमध्ये ते साधारण ३.२ होते, मारुतीच्या पिढीच्या गाड्यांत ९ च्या आसपास. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ऑटो चक्राचे सूत्र वापरून आदर्श कार्यक्षमता काढू शकतील. गुणोत्तर ३.२ असताना ती ३७ टक्के येते, ९ असताना ५८ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण प्रमाण लक्षात येते. त्या काळचे पेट्रोल यापेक्षा फार दाबले की ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता मध्येच भडकत असे आणि इंजिन खडखडू लागे. हा दोष दूर करणारे शिशाचे संयुग अमेरिकेत १९२१ मध्ये सापडले आणि १९२३ मध्ये बाजारात आले. तोपर्यंत सर्वांनाच हलक्या दाबावर समाधान मानावे लागे.

दुसरे कारण मात्र रॉईस यांच्या स्वभावातले होते. त्यांनी इंजिन मुद्दाम सावकाश चालणारे ठेवले. दट्ट्याचा प्रवास साडेचार इंचांचा, म्हणजे सुमारे ११४ मि.मी. मिनिटाला १,२५० फेऱ्या धरल्या तर दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला ४.८ मीटर येतो. मारुतीत हा प्रवास ७२ मि.मी. आहे, मिनिटाला ५,००० फेऱ्यांना वेग येतो १२ मीटर. घर्षणाने होणारी झीज, दट्ट्याची दिशा प्रत्येक फेरीत दोनदा उलटवताना लागणारे बल, या सगळ्या गोष्टी वेगाबरोबर वाढत जातात, आणि बल तर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रॉईस यांचे इंजिन टिकते याचे अर्धे रहस्य या गणितात आहे.

उरलेले अर्धे वंगणात. रॉईस यांनी क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि प्रत्येकात पंपाने दाबाखाली तेल पोहोचवले. वंगणाचा पातळ थर फिरणाऱ्या दांड्याला स्वतःच उचलून धरतो, धातूला धातू लागूच देत नाही, हे ब्यूशांप टॉवर यांनी १८८० नंतरच्या दशकात आगगाडीच्या आसांच्या प्रयोगांतून दाखवले होते, आणि ऑस्बॉर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले होते. द्रवगतिकीत 'रेनल्ड्स संख्या' शिकवताना ज्यांचे नाव घेतो तेच हे. त्या काळच्या कितीतरी मोटारींत तेल नुसते थेंबथेंब टपकत असे किंवा क्रँकच्या हेलकाव्याने उडत असे. वीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध जेथे यंत्रात उतरला अशी ही गाडी होती, म्हणून आम्हाला ती मखमलीपेक्षा अधिक श्रीमंत वाटते.

एक गंमत येथेच सांगून टाकतो, कारण वर्गात ती हमखास रंगते. सुरुवातीच्या सिल्व्हर घोस्टला विजेचा स्टार्टर नव्हता. दांडा घालून फिरवावे लागे. पण नुकतीच बंद केलेली गाडी चालक कधीकधी दांड्याला हात न लावता, फक्त बटण आणि ठिणगीची तरफ वापरून सुरू करीत. हे कसे? इंजिन थांबते तेव्हा सिलिंडरांत न जळलेले मिश्रण उरलेले असते. सहा सिलिंडर असल्यामुळे त्यांतला एखादा तरी नेहमी कामाच्या धावेत, म्हणजे दट्ट्या खाली ढकलला जाण्याच्या स्थितीत असतो. कंपन-वेटोळ्याची ठिणगी सोडली की तेवढ्या एका धक्क्याने इंजिन जिवंत होते. चार सिलिंडरांच्या इंजिनात धावा एकमेकींवर चढत नाहीत. तेथे ही युक्ती का दगा देते, याचे चित्र विद्यार्थ्यांना काढायला सांगावे.

ही गाडी महाराष्ट्रात लवकरच पोहोचली. १९०८ मध्ये फ्रँक नॉर्बरी यांनी 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरवली. सहाशेहून अधिक मैल, मध्ये सह्याद्रीतले घाट. तेव्हाचे घाटरस्ते बैलगाड्यांसाठी आखलेले, वळणावर खडी सुटलेली. एवढ्या चढणीत इंजिन तापून पाणी उकळणे ही नेहमीची गोष्ट. गाडीने चाचणी निभावली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. भारतातल्या संस्थानिकांचे रोल्स-रॉईसवेड येथून वाढले. जाहिरात कितीही केली असती तरी घाटाने जे पटवले ते पटले नसते.

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले तेव्हा ब्रिटनच्या नौदलाच्या हवाई शाखेला शत्रूच्या मुलखात फिरणाऱ्या वेगवान गाड्या हव्या होत्या. तयार सांगाड्यांत सर्वांत भरवशाचा सिल्व्हर घोस्टचा. त्यावरचा लाकडी साज न चढवता १२ मि.मी.पर्यंत जाडीचे पोलादी पत्रे चढवले, वर फिरता बुरूज बसवला, त्यात व्हिकर्स मशीनगन. वजन साडेचार टनांच्या पुढे गेले. एरवी हा सांगाडा दोन टनांच्या आसपासची गाडी वाहत असे. स्प्रिंगा मजबूत केल्या, मागे जोडचाके दिली, रेडिएटरपुढे पोलादी दारे लावली. इंजिनात मात्र फारसे काही बदलावे लागले नाही. गाडी तेवढ्या ओझ्यानिशी ताशी ७० कि.मी. धावे. खंदकांनी चिरलेल्या फ्रान्समध्ये तिला लवकरच काम उरले नाही. इजिप्त, अरबस्तानाच्या वाळवंटात मात्र ती इतकी उपयोगी पडली की टी. ई. लॉरेन्स यांच्या मोहिमांत तिचा मोठा वाटा होता.

भारतात अशा गाड्यांचे काम निराळे होते. वायव्य सरहद्दीवरच्या खिंडींत आणि शहरांतल्या 'बंदोबस्ता'त. १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायर जालियनवाला बागेकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर दोन चिलखती मोटारी होत्या. बागेची गल्ली अरुंद निघाली म्हणून त्या बाहेर राहिल्या. त्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगन बहुधा वापरल्या असत्या, असे त्याने चौकशी समितीपुढे कबूल केले. चिलखती मोटारीची तांत्रिक थोरवी सांगताना ही बाजूही विद्यार्थ्यांसमोर यायला हवी, असे आम्हाला वाटते. संग्रहालयातल्या फलकावर चिलखताची जाडी लिहिता येते. ते कोणासमोर उभे राहिले हे शिक्षकांनाच सांगावे लागते.

भारतासाठी १९२१ च्या सुमारास व्हिकर्स कंपनीने खास नमुना बनवला. आतली जागा वाढवली आणि बुरुजाला घुमटाचा आकार दिला. डोंगरावरून येणारी गोळी घुमटावरून निसटून जावी, हा त्यातला हेतू. घुमटात चार दिशांना मशीनगनची भोके. पण रोल्स-रॉईस सांगाडा फार महाग. थोड्याच वर्षांत क्रॉस्ली कंपनीच्या स्वस्त सांगाड्यावर तसाच घुमट बसवून काम भागवले जाऊ लागले. याच काळात, १९२४ मध्ये, नगरला रॉयल टँक कोअरची शाळा निघाली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३८ मध्ये, सिंध हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या भारतीय घोडदळ पलटणींनी घोडे सोडून अशा मोटारी घेतल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल नगरला एकवटले, आणि फाळणीमुळे चकलाल्याहून हललेल्या वाहन-तपासणी विभागातून आजची वाहन संशोधन व विकास संस्था उभी राहिली. नगरमध्ये ही गाडी दिसते ती या परंपरेमुळे. कोणा सरदाराच्या हौसेमुळे नव्हे.

तोपर्यंत या गाड्यांची अवस्था काय झाली होती? क्रॉस्लीची चिलखते १९३९ मध्ये शेव्हरोलेटच्या सांगाड्यांवर चढवली गेली. इजिप्तमध्ये रोल्स-रॉईसची चिलखते फोर्डसन ट्रकवर गेली. म्हणजे कधी सांगाडा टिकला आणि साज गेला, कधी साज टिकला आणि सांगाडा गेला. मग 'मूळ गाडी' कोणती म्हणायची? आपल्या गावोगावच्या रथोत्सवातल्या रथाचे तसेच असते. एखाद्या वर्षी चाक बदलते, एखाद्या वर्षी आस, कळस नवा होतो. तरी रथ तोच, कारण यात्रा तीच. जुनी मोटार विकत घेणाऱ्याला मात्र या उत्तरावर थांबून चालत नाही. त्याला पैसे मोजायचे असतात.

संस्थाने विलीन झाली आणि १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले, तेव्हा राजवाड्यांच्या तबेल्यांतून कितीतरी मोटारी मिळेल त्या भावाला बाहेर पडल्या. काही परदेशी गेल्या, काहींचे इंजिन पाण्याच्या पंपाला लागले, काहींच्या पितळी दिव्यांची मोड झाली. ज्या घराण्यांत सणावाराशी गाडीचे नाते राहिले तेथे ती वाचली. कोल्हापूरच्या दसऱ्याला निघणारी छत्रपती घराण्याची मेबॅक हे त्याचे उत्तम उदाहरण. नगर जिल्ह्यातच, पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझाद येथे मेहेरबाबांच्या प्रवासातली निळी बस जपली आहे. तिच्या इंजिनाची कोणी चौकशी करीत नाही; ती श्रद्धेने टिकली. जुन्या वस्तू टिकण्याची कारणे नेहमी तांत्रिक नसतात, हे आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

आता समजा, एखाद्या वाड्यातून १९२० च्या सुमाराची, चांगल्या स्थितीतली म्हणून सांगितलेली गाडी विकायला आली. पाहणाऱ्याने पहिल्यांदा चकाकी पाहू नये. चकाकी हाच पहिला संशय. त्या काळी पितळेवर निकेलचा मुलामा देत. क्रोमियमचा मुलामा मोटारींवर सर्रास दिसू लागला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. निकेलला किंचित पिवळसर झाक असते, क्रोमियमला निळसर. १९२० च्या गाडीचा दिवा निळसर चमकत असेल तर मुलामा नंतरचा. तीच गोष्ट स्क्रूची. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले फिलिप्स स्क्रू मोटार कारखान्यांत आले १९३६ नंतर. जुन्या गाडीच्या लाकडात असा एक स्क्रू सापडला की तेवढा भाग कोणीतरी उघडला होता हे नक्की. रंग हाही साक्षीदार असतो. १९२३-२४ पूर्वी गाडीला घोडागाडीसारखे तेलरंग आणि व्हार्निश यांचे एकावर एक कित्येक हात देत, वाळायला आठवडे लागत. नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग त्यानंतरचा. दाराच्या बिजागरीमागे, जेथे पॉलिश पोहोचत नाही, तेथे भिंगाने पाहिले तर थर मोजता येतात. पत्र्यावर लोहचुंबक फिरवून लांबी (पुट्टी) कोठे भरली आहे ते कळते. मात्र साज ॲल्युमिनिअमचा असेल तर चुंबक कोठेच चिकटणार नाही, आणि गिऱ्हाईक उगाच घाबरेल.

खरी ओळख पटते ती सांगाड्याच्या आणि इंजिनाच्या क्रमांकावरून. रोल्स-रॉईसने प्रत्येक सांगाड्याची नोंद ठेवली होती. कोणाला विकला, साज कोणी चढवला, हे त्यात असते. त्या नोंदी इंग्लंडमधील शौकिनांच्या संस्थेने जपल्या आहेत. क्रमांक जुळले की मगच मिस्त्रीला बोलवावे. येथे आमचे मत स्पष्ट आहे. फिकट रंगाची, भेगाळलेल्या चामड्याची पण न उघडलेली गाडी ही नव्याने रंगवून झकपक केलेल्या गाडीपेक्षा मोलाची. रंग पुन्हा केव्हाही देता येतो. १९२० चा रंग पुन्हा देता येत नाही. आपल्याकडे दुर्दैवाने जुन्या देवळाला ऑइलपेंट फासतात त्याच उत्साहाने जुन्या मोटारींना रंग फासला जातो.

गाडी घेतली, आता सांभाळायची. पहिला प्रश्न हवेचा. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो, आणि समुद्राकाठच्या हवेतल्या क्षारांनी तो आणखी वाढतो. त्यामुळे मुंबईपेक्षा नगरची कोरडी हवा पत्र्याला मानवते. पण ॲश लाकूड आणि चामडे यांना तीच हवा उन्हाळ्यात सोसत नाही. लाकूड आक्रसते, सांधे ढिले होतात, दार लोंबते. एकाच गाडीतल्या धातूला कोरडी आणि लाकडाला किंचित दमट हवा हवी असते. मग आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवणे एवढाच मार्ग उरतो. चढउतार हा दोघांचाही शत्रू. पत्र्याच्या शेडपेक्षा जाड दगडी भिंतींचा जुना वाडा बरा, तो यामुळे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. सिल्व्हर घोस्टचे सिलिंडर आणि वरचे डोके एकसंध ओतलेले असल्याने ते उघडून आतली पाण्याची पोकळी साफ करता येत नाही. नगर भागातल्या बोअरचे जड पाणी त्यात घातले तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट आत थर धरते. घरातल्या पाणी तापवायच्या भांड्यात बसतो तोच थर. तो उष्णता जाऊ देत नाही, आणि एखाद्या ठिकाणी ओतीव लोखंड जास्त तापून तडकते. ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात गंजरोधक, हा स्वस्त उपाय. शिवाय पाणी जितके क्षारयुक्त तितके ते विजेचे चांगले वाहक. पितळ, तांबे, लोखंड, ॲल्युमिनिअम हे सारे धातू एकाच पाण्यात आले की विद्युतघटच तयार होतो, आणि त्यात ॲल्युमिनिअमचा बळी पहिला जातो. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खोचून आपण जो प्रयोग दाखवतो, तोच येथे नको असताना चालू राहतो.

बेअरिंगांबद्दल थोडक्यात. त्यांत कथिल, अँटिमनी व तांबे यांचा मऊ मिश्रधातू, म्हणजे व्हाइट मेटल, ओतलेला असतो. तेलात आलेला कण त्यात रुतून बसतो आणि महागडा क्रँकशाफ्ट वाचतो. हे बेअरिंग तयार मिळत नाही; वितळवून ओतावे आणि हाताने खरवडून बसवावे लागते. ती कला असलेले मिस्त्री आता फार थोडे उरले आहेत. गाडीच्या किमतीपेक्षा आम्हाला याची काळजी अधिक वाटते. कारण सुटा भाग एकवेळ पुन्हा घडवता येईल, पण खरवडताना हाताला काय जाणवायला हवे हे कोणत्याही पुस्तकातून कळत नाही. तंत्रशाळांनी अशा मिस्त्रींना वर्षातून आठवडाभर तरी बोलावून मुलांसमोर काम करायला लावावे.

इंधनाची गोष्ट सर्वांत मनोरंजक, आणि ती पुन्हा नगर जिल्ह्यात येते. शिसे मिसळलेले पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले तेव्हा जुन्या गाड्यांचे शौकीन धास्तावले होते. सिल्व्हर घोस्टला त्याने काहीच फरक पडला नाही. ती शिशाच्याही आधीची. तिचे कमी संपीडन कोणत्याही पेट्रोलवर समाधानी असते. खरी अडचण आली इथेनॉलने. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेले. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. उसाच्या त्याच अर्थव्यवस्थेतून आज इथेनॉल निघते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. शंभर वर्षांच्या कार्ब्युरेटरच्या दृष्टीने मात्र नाही.

इथेनॉल हवेतले पाणी शोषते. ठरावीक मर्यादेपुढे पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. गाडी महिनोन्महिने उभी असल्याने हा थर टाकीचा पत्रा आणि डाग खात राहतो. त्याहून मजेशीर नुकसान तरंगीचे. जुन्या कार्ब्युरेटरांतली तरंगी (फ्लोट) पुष्कळदा बुचाच्या लाकडाची असते आणि तिला लाखेचा हात दिलेला असतो. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून तो दिलेला. पण सुतार पॉलिश करताना चपडा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच! लेप गेला की बूच इंधन पिऊन जड होते, तरंगी बुडते, आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो. शाळेत लाखेचे दोन तुकडे घेऊन एक स्पिरिटमध्ये व एक रॉकेलमध्ये रात्रभर ठेवावा. जवळ ज्योत नसावी. सकाळी कारण सगळ्यांना दिसेल.

आणखी एक बारकावा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला ९ ग्रॅम. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्याच मापाने इंधन सोडले तर मिश्रण आठेक टक्के पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर जुने इंजिन तापते. नव्या गाडीत ही दुरुस्ती संगणक करतो. रॉईस यांनी मिश्रण कमीजास्त करण्याची सोय चालकाच्या हाताशीच ठेवली होती, त्यामुळे येथे थोडे जाड मिश्रण करून भागते. तरंगीला मात्र अल्कोहोल सोसणारा लेप द्यायला हवा, किंवा पितळी तरंगी बसवायला हवी. मूळ तरंगी डबीत घालून, चिठ्ठी लावून, गाडीबरोबर ठेवावी.

अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, आणि कायद्यानेही तशी मुभा नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या व मूळ रूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकी 'व्हिंटेज' ठरतात. नोंदणी क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि ती दहा वर्षे चालते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, तसेच इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. 'मूळ रूपात' या दोन शब्दांमुळे वर सांगितलेली निकेल, स्क्रू आणि रंगाच्या थरांची तपासणी शौकिनांच्या चर्चेपुरती राहत नाही. तरीही गाडी महिन्यातून एकदा अर्धा तास फिरवावी, म्हणजे तेल बेअरिंगांपर्यंत पोहोचते, मॅग्नेटो कोरडा राहतो आणि टायर एकाच जागी दबत नाहीत. परत उभी करताना टाकीचा कॉक बंद करावा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे. मग कार्ब्युरेटरच्या वाटीत इथेनॉल उरत नाही.